किल्ल्यातलं तळं

भंडाऱ्याच्या किल्ल्यात डोळे मिटून मी किती वेळा गेले असेन, याचा हिशेब नाही. डोळे उघडे ठेवून एकदाच गेले. डोळे मिटून नेणारे होते आमचे घरमालक. त्यांना सगळा मोहल्ला मास्तर म्हणायचा. शाळेत त्यांनी कधी कोणाला शिकवलं नव्हतं. ते एसटीत कंडक्टर होते. ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यांचं ऐकून मोहल्लाही म्हणायला लागला. खोली बघायला गेले तेव्हा मला वाटलं, शिक्षकाचं घर आहे, चला, जरा शांतता असेल. शांतता होती, पण मास्तर ड्यूटीवर असेपर्यंतच.

मी मूळची सोलापूरकडची. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला की आधी आभाळाकडे आणि मग टँकरच्या वाटेकडे बघतात. सरकारी नोकरीनं मला उचलून भंडाऱ्यात आणून टाकलं. पहिल्याच आठवड्यात कामासाठी साकोलीला जायला लागलं, तेव्हा बसच्या खिडकीतून एक तळं गेलं, मग धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मग पुन्हा तळं, आणि हे काही थांबेना. संध्याकाळी मी ते मास्तरांना भाबडेपणानं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं, जणू ती सगळी तळी त्यांनीच खणून ठेवली होती. म्हणाले, "हे तं काहीच नाई, मॅडम. रविवारी फेरीले या. तुमाले असं तळं दाखवतो, का याच्याआंधी तुमी पाह्यलं नसंन."

रविवार हा त्यांचा सुटीचा वार. त्या दिवशी ते बसस्टँडबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी उभे राहायचे आणि येईल त्याला जुनं भंडारा पायी फिरवून दाखवायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी नेमलं नव्हतं, आणि चहासुद्धा ते स्वतःच्याच खिशातून पाजायचे. येणारे कोण? कधी कॉलेजची चार पोरं, कधी नागपूरहून लेकीकडे आलेलं एखादं जोडपं, कधी बस चुकलेला प्रवासी. एक निवृत्त कंपाउंडर मात्र न चुकता यायचे. तेच ते ऐकायचे आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवायचे.

लोकांच्या मागून चालणारा वाटाड्या मी दुसरा पाहिलेला नाही. मास्तर सगळ्यांत शेवटी असायचे. जो कोणी चुकून पुढे असेल त्याला ते 'ड्रायव्हर' म्हणायचे, आणि वळण आलं की मागून आवाज यायचा, "ड्रायव्हर, डावीकडं घ्या." तिकिटाची मशिनं आल्यावर निकामी झालेला, तिकिटं टोचायचा जुना पंच त्यांच्या हातात असायचा. विजेच्या खांबावर तो एकदा वाजला की थांबायचं, दोनदा वाजला की निघायचं. ड्रायव्हरशी कोणी बोलायचं नाही, हा नियम. मी पहिल्या रविवारी नेमकी ड्रायव्हर झाले आणि अर्धा तास तोंड मिटून चालले. असं मागून का चालता, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पुढं चालनाऱ्याले मागं कोन सुटलं ते दिसत नाई. एखादी म्हातारी सुटते, एखादं लेकरू सुटते. मंग इतिहास सांगून काय फायदा जी?"

इतिहासाशी त्यांचं नातं तसं सैलच होतं. किल्ला कोणी बांधला, असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "दोन-तीन जनायची नावं सांगतात. ते आपसात पाहून घेतीन." गोंदिया तोडून वेगळा जिल्हा केला त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती, तरी मास्तरांच्या तोंडी तो एकच जिल्हा होता. मी एकदा दुरुस्ती केली तर त्यांना वाईट वाटलं. "कागदावर तोडला असंन," ते म्हणाले. "गाडी तं जाऊन राहिली ना."

फेरी पितळी भांड्यांच्या दुकानांवरून निघून साहेबलोकांच्या जुन्या वस्तीत शिरायची. तिथे उंच जोत्यांचे, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपरांचे दोन-चार बंगले अजून उभे होते. आत कचेऱ्या, रविवारी बंद. थंडीच्या दिवसांत नदीकडून धुकं येऊन त्या व्हरांड्यांत बसायचं आणि झाडांवरून थेंब टपकत राहायचे. सगळं गाव अजून अंथरुणात आहे आणि आपण त्याच्या स्वप्नातून चाललो आहोत, असं मला दर वेळी वाटायचं. मास्तरांचा आवाजही तिथे उतरायचा. एरवी हा माणूस हळू बोलू शकतो यावर माझा विश्वास बसला नसता.

एका बंगल्याच्या भिंतीत छताजवळ एक भोक होतं. पंच एकदा वाजायचा. "हे पाहा. इथून पंख्याची दोरी भाईर येत होती. आत साहेब झोपे. भाईर भुईवर बसून एक मानूस दोरी वढे, दिवस असो का रात. आता तुमी सांगा, हा बंगला कोनाचा?" साहेबाचा, असं कोणीतरी म्हणायचंच. मास्तर त्या भोकाकडे बघत म्हणायचे, "साहेब तं झोपला होता. त्यानं बंगला पाह्यलाच कुठं?" पुढे जुन्या गोऱ्या लोकांची काही थडगी होती, त्यांत लहान मुलांची दोन. तिथे पंच वाजत नसे. मास्तर नुसते थांबायचे आणि आम्हीही थांबायचो. "या लेकरायचं इथं कोनी नाई," ते म्हणायचे. "आपुन आलो तं बरं वाटत असंन." मग गवतात बसून ते चपलेतला खडा काढल्यासारखं करायचे. खडा कधीच नसायचा.

आणि शेवटी किल्ला. या किल्ल्याची गंमत अशी, की तो गावातच आहे आणि कोणालाच दिसत नाही. आत तुरुंग. त्यामुळे बाहेरून भिंत बघायची, बुरूज बघायचा आणि घरी जायचं. मास्तरांची फेरी मात्र इथेच सुरू व्हायची. ते सगळ्यांना भिंतीच्या उन्हाकडच्या अंगाला बसवायचे, दगडाला पाठ टेकून, रांगेनं. "टेका, टेका, तिचं काही बिघडत नाई. आता डोळे मिटा. मिटले? चला आत."

मग ते आत न्यायचे. एक ठेंगणा दरवाजा, त्यातून मोठ्यातला मोठा साहेबही वाकूनच येणार. मग सारवलेलं अंगण. चिंचेचं झाड, त्याची सावली दुपारी बायकांच्या बराकीपर्यंत पोचते आणि तिथे थांबते. आणि मग तळं. केवढं तळं! पाणी इतकं निवळ की तळाचे दगड मोजावेत. चारही बाजूंनी पायऱ्या, कोणत्याही बाजूनं उतरा. पहाटे बायका पाण्यावर येतात, गुंड, म्हणजे घागर, बुडवताना बुडबुड आवाज होतो, आणि कमळं जराशी बाजूला सरकून वाट देतात. मास्तर हे इतक्या सावकाश सांगायचे की पाठीचा दगड तापत जायचा आणि पाय मात्र पाण्यात असल्यासारखे गार वाटायचे. सोलापूरच्या पोरीला आणखी काय हवं? मी त्या तळ्याच्या पायऱ्यांवर कितीतरी रविवार बसले आहे.

काही लोक चक्क झोपायचे. कंपाउंडरकाका तर घोरायचे. कोणी हसून त्यांना हलवायला गेलं की मास्तर अडवायचे. "झोपू द्या. तो आपल्यापेक्षा जास्त आत गेला."

एकदा कॉलेजच्या पोरांनी हट्ट धरला, मास्तर, आम्हाला तुमसरकडच्या आंबागडावर न्या. तो गड डोंगरावर, मोकळा, आत फिरता येतं. मास्तरांना ते अजिबात पटलं नाही. "तिथं तं कोनीबी आत जाऊ शकते," ते म्हणाले. "मंग माहं काम काय?"

किल्ल्यातलं तळं हळूहळू सगळ्या गावाचं झालं. रिक्षावाले पाहुण्यांना ते सांगायचे. एका दिवाळीला शेजारच्या गल्लीतली एक बाई ताट घेऊन आमच्या दारात आली. लक्ष्मीपूजनाला कमळं हवी होती, बाजारातली सुकलेली होती, तर मास्तरांनी आत ओळख काढून किल्ल्यातली दोन आणून द्यावीत. मास्तर गोरेमोरे झाले. मग सायकल काढून कुठेतरी गेले आणि दुपारी चिखलानं भरलेल्या पायांनी, दोन ताजी कमळं घेऊन परतले. कोणत्या तळ्यातली, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती बाई मात्र अजूनही किल्ल्यातली कमळं वाहिल्याचं सांगत असेल.

मास्तरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, या सगळ्याचं काडीचंही कौतुक नव्हतं. त्या फेरीला कधीच आल्या नाहीत. "मले नाई जमत डोळे मिटून," त्या म्हणायच्या. "डोळे मिटले का दूध उतू जाते." त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि शेजारी एका म्हाताऱ्या बाईचा फोटो. काळी, हाडापेराची, फोटो काढणाऱ्यावरच रागावलेली. ही मास्तरांची आई. मी येण्याआधीच गेलेली. तांदूळ निवडता निवडता एका दुपारी काकूंनी मला सांगितलं, की किल्ल्याच्या आतलं जे काही मास्तर सांगतात, ते सगळं या माउलीचं.

मास्तर कडेवर होते तेव्हा जमिनीसाठी सत्याग्रह झाला. भूमिहीनांना पडीक जमीन द्या, म्हणून लोकांनी तुरुंग भरले. साकोलीकडच्या एका खेड्यातून त्यांची आई इतर बायकांबरोबर आली आणि पोरासकट आत गेली. काही दिवसांनी सुटली. पुढे गावात मजुरी करताना, धान रोवून, कमरेत वाकून घरी आलेली ती बाई रडणाऱ्या पोराला निजवताना त्या दिवसांची गोष्ट सांगायची. डोळे मीट, म्हणायची, चाल आत. मास्तर तिथे स्वतः होते, पण त्यांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं. ते एकदा मला म्हणाले होते, "मी आईच्याच डोळ्यानं पाह्यलं. माहे डोळे तवा दुधावरच होते." तेव्हा मला ते नीट समजलं नव्हतं.

एका हिवाळ्यात फेरीत एक नवा माणूस आला. डोक्याला टोपी, गळ्यात मफलर, गप्प. भिंतीला पाठ लावून त्यानं शहाण्यासारखे डोळे मिटले. सगळं झाल्यावर त्यानं ओळख दिली तेव्हा कळलं, की तो नुकताच बदलून आलेला मोठा अधिकारी. फार भला माणूस. मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाला, "इतकं सुंदर सांगता, आणि बाहेर बसून? पुढच्या रविवारी आपण आतच जाऊ. कैद्यांचा भाग सोडून जुनं अंगण दाखवण्याची परवानगी मी काढतो. ते तळं मलाही बघायचंय." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. कंपाउंडरकाका तर जागे होते आणि सगळ्यांत जोरात वाजवत होते. मास्तर हसले. पण निघायची वेळ झाली तरी पंच वाजेना, म्हणून आम्ही आपले आपणच निघालो.

तो आठवडा घरात अवघड गेला. मास्तर जेवायचे आणि काय जेवले ते त्यांना ठाऊक नसायचं. बुधवारी की गुरुवारी त्यांनी जाहीर केलं, की रविवारी गोंदिया फेरीवर माणूस कमी आहे, ती ड्यूटी त्यांनी घेतली. काकू भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "घ्या ना. डबा नाई भेटनार."

"काहून?"

"काहून म्हंजे? जलमभर लोकायले आत घेऊन गेले. आता दार उघडलं तं पळून राहिले."

मास्तर उठून परसात गेले आणि वांग्याच्या झाडांना पाणी घालत बसले, सकाळी घातलेलं असताना. काकू मला हळूच म्हणाल्या, "मायनं सांगितलं ते आत नसंन तं, याचं भेव लागलं यायले. तळं गेलं तं चालंन. माय खोटी पडली तं कसं?" खरं सांगायचं तर मलाही तेच भेव लागलं होतं. गावाच्या मधोमध, चार भिंतींच्या आत, तेवढं मोठं तळं मावणार कुठे, हा प्रश्न इतके रविवार माझ्या मनात आला नव्हता. आता तो जाता जाईना.

रविवारी मास्तर आले. इस्त्रीचा सदरा घातला होता. फोन बाहेर ठेवून, नावं सांगून आम्ही आत गेलो. दरवाजा खरंच ठेंगणा होता आणि तो अधिकारीही खरंच वाकून आला. मास्तरांचा चेहरा जरा उजळला. अंगण होतं, फरसबंद झालेलं. चिंच नव्हती, पण तिथल्या शिपायानं एक जुना बुंधा दाखवला. कोणतं झाड होतं, हे त्याला माहीत नव्हतं. मी मनातल्या मनात ती चिंच ठरवून टाकली.

आणि मग कोपऱ्यात ते दिसलं. दगडी टाकं. आमच्या खोलीतल्या माझ्या पलंगाहून फार मोठं नसेल. चारही बाजूंना उभं राहायला एकेक दगड. वर आता नळ होता, पाणी शेवाळलेलं होतं, आणि त्यात एक प्लॅस्टिकचा मग तरंगत होता. शिपाई म्हणाला, "पाण्याचं जुनं ठिकाण हेच. दुसरं काही इथं नव्हतं, साहेब." कोणीतरी फिसकन हसलं. कंपाउंडरकाकाच होते ते. पण त्यांचाही हिरमोड झाला होता, हसण्यावरूनच कळत होतं. अधिकारी बिचारा अवघडून म्हणाला, "पूर्वी मोठं असेल. बुजवलं असेल." मास्तर म्हणाले, "नाई. हेच असंन." मग टाक्याभोवती हळूहळू चालून आले. एका दगडावर उभे राहिले, वाकले, पाण्याला हात लावला. "कमळं माही होती," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "मायनं कमळं नोती सांगितली. बाकी सारं तिचं."

परत येताना मास्तर आमच्या पुढे चालत होते. फार पुढे. मागे कोण सुटलं, कोण राहिलं, एकदाही त्यांनी वळून पाहिलं नाही. हे मला टाक्यापेक्षा जास्त लागलं.

दुपारी ते परसातल्या पायरीवर बसून होते. ताट झाकून ठेवलेलं. मी आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात. कितीतरी वेळानं ते म्हणाले, "लेकरू रडे म्हनून सांगितलं असंन. लेकराले काय, काहीबी सांगता येते. मीच येडा. इतक्या लोकायले घेऊन बसलो." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

काकू पदराला हात पुसत बाहेर गेल्या आणि त्यांच्याशेजारी, त्याच पायरीवर बसल्या. असं त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुमी कधी पानी भरलं का?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी मान वर केली.

"गावात. तलावावर. भरलं का कधी?"

"माय भरे. मंग तू."

"हं. तुमाले तलाव ठाऊक आहे. पोहाले, शिंगाडे काढाले. आमाले पानी भरनं ठाऊक आहे." काकू खाली बघत, बोटानं पायरीवरची माती सारत बोलत होत्या. "केवढा तलाव आपला. बांधाची पार अशी लांब. पन आपल्या बायायनं कुठं भराचं? त्या टोकाले, म्हशी उतरत तिथं. तेबी साऱ्या गावाचं झाल्यावर. मी लगन होऊन आली तवा ते सरलं होतं. सासूबाईचा सारा जलम तिथंच गेला. डोक्यावर गुंड घेऊन उभं राहाचं, पान्याकडं पाहत. हे त्यायनं तुमाले नाई सांगितलं. मले सांगितलं."

मास्तर काकूंकडे वळून बसले.

"इथं आत, पह्यल्या दिवशी, त्या गुंड घेऊन बाजूले उभ्या राह्यल्या. सवय. तं तिथली पहाऱ्याची बाई वरडली, काहून उभी आहेस, भर ना. कोन्या बाजूनं भरू, म्हने. तं ते बाई म्हने, चार बाजू आहेत, कोन्याबी बाजूनं भर. मंग त्या भरून राहिल्या, अन् मांगं एक मोठ्या घरची बाई उभी. काही गुन्ह्यात आत आली होती. हातात भांडं घेऊन उभी, सासूबाईचं होईपर्यंत." काकूंनी बोटाची माती झटकली. "मंग ते पानी त्या केवढं सांगतीन?"

मास्तरांनी डोळे मिटले. काकूंनी ताटावरचं झाकण काढलं आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं. मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आमच्या सोलापूरकडच्या खेड्यात विहिरीवर कोण कुठे उभं राहायचं, ते मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त ती विहीर किती मोठी आहे, असं कोणी विचारलं असतं, तर मी तिची रुंदी सांगितली असती.

पुढच्या रविवारी मास्तर जातात की नाही, हा सगळ्या मोहल्ल्याचा प्रश्न होता. आतली बातमी गावभर झाली होती. टपरीवर "मास्तरचं तळं आटलं" म्हणून हसणं चालू होतं, आणि ते त्यांच्या कानापर्यंत पोचलंच असणार. मास्तर सकाळी उठले, अंघोळ केली, पंच घेतला. दारात काकू चपला घालत होत्या. "दूध?" मी विचारलं. "उतू जाईल तं जाईल," त्या म्हणाल्या.

नेहमीपेक्षा लोक जास्त होते. काही नुसते मजा बघायला आले होते, ते ओळखू येत होतं. बंगले झाले, पंख्याचं भोक झालं, लेकरांची थडगी झाली. धुकं त्या दिवशी उशिरापर्यंत विरलं नव्हतं आणि किल्ल्याची भिंत वरच्या बाजूनं पुसट झाली होती. मास्तरांनी सगळ्यांना बसवलं, पाठ टेकवली, डोळे मिटायला सांगितलं. काकू शेवटी बसल्या, डोळे उघडेच ठेवून. कंपाउंडरकाका माझ्याशेजारी होते. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, लहान मुलं मिटतात तसे.

मास्तर म्हणाले, "ठेंगना दरवाजा आहे. वाका. आता अंगन आहे." मग ते जरा थांबले. "कोपऱ्यात एक टाकं आहे. दगडाचं. चार बाया चार बाजूनं उभ्या राहू शकतीन, एवढं. पहाट आहे. एक बाई गुंड घेऊन आली. तिले वाटते, आपला नंबर शेवटी. ते बाजूले उभी राहते. कोनीतरी तिले म्हनते, भर ना. कोन्याबी बाजूनं भर. ते वाकते. गुंड पान्यात जाते. तिच्या मांगं लोक उभे आहेत, अन् तिले घाई नाई. ते पानी भरून राहिली. आरामानं."

एवढं बोलून ते गप्प झाले. कोणी डोळे उघडले नाहीत. जे हसायला आले होते त्यांनीही नाही. भिंतीला टेकलेली ती सगळी रांग तशीच बसून होती.

बऱ्याच वेळानं कंपाउंडरकाकांनी डोळे मिटूनच विचारलं, "मास्तर, अन् तळं?"

"तेच सांगून राहिलो, जी," मास्तर म्हणाले.